कथलावरचा अंगठा

वना आबांच्या उजव्या अंगठ्याला मान होता. बाकीच्या वना आबांना जो काही मान मिळाला, तो त्या अंगठ्यामुळेच.

जवानी सगळी धरणगावच्या जिनिंगमध्ये गेली. कापसाची गाडी दारात लागली की आबा ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे आणि आतला मूठभर कापूस उपसायचे. मग दोन्ही अंगठ्यांत धरून तो हळूच ओढायचे. ओढायचे, जुळवायचे, पुन्हा ओढायचे. धागा किती लांब, किती तगडा, पाणी मारलंय की नाही, हे डोळे मिटून सांगायचे. पात्याने एकदा अंगठा तिरपा चिरला, तरी कस गेला नाही. उलट लोक म्हणायचे, आता तर आबांच्या अंगठ्याला तिसरा डोळा फुटला.

जिनिंगचे मालक रुपचंदशेठ. घरोघरी टीव्ही यायला लागले तेव्हा शेठनी जळगावच्या एमआयडीसीत तारेचा कारखाना टाकला आणि देखरेखीला आबांना नेलं.

"शेठ, मला कापसातलं कळतं. तारेतलं काय कळणार?"

"धागाच आहे तो, आबा. फक्त धातूचा."

आबांना ते पटलं. पटायला नको होतं.

तार

तांब्याची. केसाहून जाड, सुतळीहून कितीतरी बारीक.

उघडं तांबं हवेत काळवंडतं, आणि काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डरची झाळ बसत नाही. म्हणून तार आधी भट्टीतून मऊ होऊन येते, मग वितळलेल्या कथलातून जाते, तोंडाशी पुसली जाते आणि अंगावर कथलाचा पापुद्रा घेऊन बाहेर पडते. पुढे तिचे तुकडे होतात. रेडिओ-टीव्हीच्या पोटातले जे बारके पुर्जे असतात, त्यांचे पाय म्हणजे ही तार.

वाकवली की तिने वाकून राहावं, उसळी मारू नये. स्वतःभोवती गुंडाळली तरी वरचा पापुद्रा तडकू नये. आणि सोल्डर तिच्या अंगावर असं पसरावं, जसं गरम तव्यावर तूप. ते पसरलं नाही, तेलकट ताटातल्या पाण्यासारखं थेंब थेंब होऊन मागे सरलं, तर ती तार वाया.

पापुद्रा फार पातळ असतो. माणसाच्या घामात मीठ असतं. बोट लागलं तर त्या दिवशी काही दिसत नाही. नंतर दिसतं.

यातलं शेवटचं आबांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी ते बायांना सांगितलं. स्वतःला सांगितलं नाही.

हं

मोठ्या रिळावरची तार छोट्या रिळांवर गुंडाळायचं काम बायांकडे होतं. हातात पांढरे सुती मोजे. मे महिन्यात जळगावात पत्र्याखाली मोजे घालून बसायचं म्हणजे काय, ते त्या बायांनाच ठाऊक. मोजे ओले व्हायचे, बदलायचे, पुन्हा ओले व्हायचे. कुणाचा मोजा जरा सरकला की आबा ओरडायचे, "कुंदाबाई! मनगट झाका. भाकरी नाही थापायची आपल्याला."

रीळ भरलं की बाई ते आबांच्या टेबलावर ठेवायची. आबा ते डाव्या हातात घ्यायचे आणि उजवा अंगठा वरच्या वेढ्यांवरून आडवा फिरवायचे. उघडा अंगठा. मोजा घालून कस कळतो होय? मग डोळे मिटून म्हणायचे, "हं." त्या 'हं'नंतर रिळाला कागद.

भिकुबाई जिभेची तिखट. ती म्हणायची, "आबानं हं म्हटल्याबिगर आमची तार सासरी जात नही."

बाया हसायच्या. आबाही हसायचे.

सगळ्यांत झपाट्याचा हात बिजलीबाईचा. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली पावरा आदिवासी बाई. तिचा भाऊ पुन्या कारखान्यातच भट्टीवर गाडा ओढायचा. बिजलीबाई बोलायची कमी. तिच्या रिळाचे वेढे एकाला एक असे लागून बसायचे की आबांचा अंगठा तिच्या रिळावर जरा जास्तच रेंगाळायचा. कौतुकाने.

माल परत आला

पुण्याच्या कंपनीने खोकीच्या खोकी परत पाठवली. तारेवर काळपट डाग, सोल्डर धरत नाही. शेठ दिवसभर त्या खोक्यांभोवती फिरत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सुटीच्या आधी आबांनी बायांना ओळीत उभं केलं.

"मोजे काढा. हात दाखवा."

आबा एकेक तळवा बघत गेले. नखं बघितली. मग बघून भागेना, म्हणून वास घेतला. भिकुबाईच्या हाताला लसूण. कुंदाबाईच्या हाताला साबण. बिजलीबाईच्या हाताशी ते थांबले.

तिच्या हाताला मोहाच्या फुलांचा वास होता. आदल्या आठवड्यात घरून येताना तिने पिशवीत वाळलेली फुलं आणली होती. बाकी काही नाही.

"हे बघा," आबा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मोह चिकट असतो. यांच्या हातात तो मुरलेला असतो. धुऊन जात नाही, यांच्या रक्तातच असतो."

गाडा घेऊन पुन्या दारात उभा होता.

बिजलीबाईने मोजे आधीच काढले होते. तिने एक मोजा दुसऱ्यात घातला, नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि चपला न घालता बाहेर गेली. चपला पुन्याने उचलल्या आणि गाडा तिथेच सोडून तोही गेला.

आबांना त्या वेळी काय वाटलं? खरं सांगायचं तर बरं वाटलं. ढिगात हात घालून नेमका खराब कापूस बाहेर काढावा, तसं.

भिंग

पुण्याहून नाडगौडा नावाचे साहेब आले. तरुण, चष्मा, आवाज हळू. त्यांनी आबांच्याच टेबलावर परत आलेलं एक रीळ उलगडायला घेतलं.

"गंमत बघा, आबा. डाग फक्त वरच्या वेढ्यांवर आहेत. आतली तार स्वच्छ आहे."

"अस्सं."

"गुंडाळताना हात लागला असता तर डाग आतपर्यंत असते. रीळ पूर्ण झाल्यावर कुणीतरी हात लावतंय. तुम्ही इकडे या."

त्यांनी न उलगडलेल्या रिळावर भिंग धरलं. आबा वाकले.

एकाला एक लागून बसलेले वेढे होते, बिजलीबाईचेच. तसे वेढे दुसरं कुणी घालत नव्हतं. आणि त्या वेढ्यांवर, प्रत्येक तारेवर एकेक पट्टी, बांबूच्या काड्यांच्या पडद्यावर चित्र रंगवावं तशी, एक गोल गोल नक्षी उमटली होती. भोवरा. भोवऱ्याच्या मधून एक तिरपी रेघ गेलेली.

आबांनी ती रेघ जन्मात इतकी मोठी पाहिली नव्हती.

"अंगठा आहे ना हा?" नाडगौडा म्हणाले. "कुणाचा असेल?"

आबांचा उजवा हात नेहरू शर्टाच्या खिशात गेला. तो त्यांनी घातला नव्हता. आपणहून गेला.

"होती एक बाई," आबा म्हणाले. "काढली तिला."

"अहो, काढायचं कशाला?" साहेबांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "मोजा द्यायचा."

त्यानंतर

त्यानंतर आबांनी मोजा घातला.

पुढचा माल पुण्याला गेला आणि परत आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. शेठनी पेढे वाटले. भिकुबाईने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बिजली गयी अन् डाग बी गया. आबाना नाकले मानलं पाहिजे!"

म्हणजे झालं असं, की आबांनी आपली चूक गुपचूप दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीने बिजलीबाईवरचा आळ पक्का केला. प्रत्येक चांगलं रीळ तिच्याविरुद्ध साक्ष देत पुण्याला जात होतं.

आबांना पेढा गिळवेना. त्यांनी तो मोज्यात लपवला. मोजा तुपकट झाला. दुसरा घातला.

कुंदाबाई काय म्हणाली

कुंदाबाईचं माहेर चोपड्याचं. ती सुटीवरून आली आणि जेवणाच्या वेळी बायांना सांगत होती. आबा पलीकडे डबा उघडून बसले होते.

"मिरची तोडायला कुणी घेत नाही तिला. मुकादमच म्हणतो, जिच्या हातानं तांबं काळं पडलं तिच्या हातानं मिरचीचं काय होईल? आणि ती तरी कुठं जाते म्हणा. घागरीला हात लावत नाही, पिठाला लावत नाही. राख घेऊन हात घासत बसते दिवसभर."

"अरे देवा," भिकुबाई म्हणाली. आणि अर्ध्या डब्यालाच तिने झाकण लावलं.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. उजव्या हाताने मोडला. मग तो तुकडा डाव्या हातात घेऊन खाल्ला.

जळगाव ते चोपडा : वाक्यं

एस.टी.च्या खिडकीशी बसून आबा वाक्य जुळवत होते. नुसतं एक वाक्य लागणार होतं. ते तयार असलं की झालं.

*बिजली, तपासात काही चूक झाली होती.*

(हे तापीच्या पुलावर टाकून दिलं. कुणाच्या तपासात? तपास आपोआप होतो का?)

*बिजली, कारखान्याकडून तुझ्यावर अन्याय झाला.*

(हे विदगावपर्यंत टिकलं. कारखाना म्हणजे पत्रे आणि भट्टी. भट्टीने वास घेतला होता का तिच्या हाताचा?)

*बिजली, डाग तुझे नव्हते.*

(हे चांगलं होतं. धानोरा गेलं, केळीचे बाग गेले, तरी चांगलं वाटत होतं. अडावदला शेजारच्या माणसाने विचारलं, "आबा, कोनाशी बोलतस?" तेव्हा ते तुटलं, कारण त्याच्या पुढचं वाक्य तयार नव्हतं.)

चोपडा. पुढे दुसरी गाडी, फाटा आणि पायवाट.

पाड्यावर

कुडाचं घर. दारात बिजलीबाई बसलेली. हात मांडीवर उताणे, जणू दुसऱ्या कुणाचे तिला सांभाळायला दिलेत. चुन्याने आणि राखेने तळव्यांना भेगा पडल्या होत्या. भेगांच्या कडा लाल.

पुन्या कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली.

"कशी आहेस बिजली?"

"बरी शे. गेंदा, आबाले पानी दे." मग आबांकडे न बघता म्हणाली, "मी देत नही. वहिनी देई."

वहिनी गेंदाने तांब्या आणला. आबा पाणी प्यायले. पाणी गार होतं, गोड होतं.

"शेठनी बोलावलंय तुला," आबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी जुळवलंच नव्हतं. ते आलं कुठून? "झालं गेलं विसरून जा म्हणाले."

"डाग?"

"गेले."

"कव्हय गया?"

"गेले... मधल्या काळात."

"मी गयी तव्हय."

"हो. म्हणजे, तसं नाही—"

"मंग माले कसाले बलावस?"

आबांकडे उत्तर होतं. ते खिशात होतं. हात पुन्हा खिशात गेला होता.

पुन्याने दांडा बाजूला ठेवला. "आबा, तू तिले माफ कराले ऊना का?"

एक क्षण असा असतो, की त्यात माणसाला दोन रस्ते दिसतात आणि पाय तिसरीकडेच पडतो.

"हो," आबा म्हणाले.

बिजलीबाईने तळवे नाकाशी नेले. वास घेतला, सवयीने घ्यावा तसा. "नको आबा. राख लायी, चुना लाया, लिंबू बी चोळा. जास नही. तुना माल परत खराब व्हई. तू चांगला शे, पन नको."

तू चांगला शे.

फाटा

आबा फाट्यावर येऊन सागाच्या सावलीत उभे राहिले. गाडी दिसली, धूळ दिसली, गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडून धरलं. "चला, बाबा. बसायचं की सावली मोजायची?"

आबांनी पायरीवर पाय ठेवला. काढला.

"काय विसरलं का?"

"विसरलं असतं तर बरं होतं," आबा म्हणाले.

गाडी गेली. धूळ बसायला वेळ लागला. आबा धुळीतूनच परत निघाले. या वेळी त्यांनी वाक्य जुळवलं नाही.

पुन्हा

आबा परत आलेले बघून शेजारच्या घरांतले दोघं-चौघं बाहेर आले. शहरातला म्हातारा फाट्यावरून परत येतो, म्हणजे काहीतरी असणार. एक जण चिलीम हातात घेऊनच आला.

"डाग बिजलीचे नव्हते," आबा म्हणाले.

पुन्या उठून उभा राहिला. "मंग कोनाना?"

"दुसऱ्या एकाचे."

"कोन एक?"

"कारखान्यातलंच माणूस."

बिजलीबाई बसली होती तशीच होती. फक्त मान वर झाली. "भिकुबाई?"

"नाही."

"ती लई हसे माले. भिकुबाईच."

"नाही गं. भिकुबाई नाही."

"कुंदा?"

आबा गप्प राहिले. तेवढ्या गप्प राहण्यात कुंदाबाईचं नाव जमिनीवर पडलं, आणि चिलीमवाल्याने मान हलवली, की असं, कुंदा. चोपड्याची कुंदा. आबांना दिसलं, की आता हे नाव इथून उठेल, मुकादमाकडे जाईल, माहेरी जाईल, आणि मग कुंदाबाईही राख घेऊन बसेल. एका बाईवरून काढून दुसऱ्या बाईवर ठेवायला तोंड उघडावंही लागत नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की पुरत होतं.

"कुंदा नाही," आबा ओरडले. "बाया कुणीच नाही. मी."

पुन्या दोन पावलं पुढे आला.

"मी म्हंजे?" पुन्याने विचारलं.

आबांनी खिशातला हात काढला. इतका वेळ ते कारखान्यातली, टेबलाच्या मागून बोलायची भाषा बोलत होते. ती संपली. घरची तेवढी उरली होती.

"अंगठा मना व्हता. रीळ भरनं का मी अंगठा फिरवू. त्यानाच डाग."

बिजलीबाईने अंगठ्याकडे पाहिलं नाही. तोंडाकडे पाहिलं. "तुले कव्हय कळनं?"

हा प्रश्न एस.टी.त एकदाही आला नव्हता. सगळी वाक्यं त्याच्या अलीकडेच थांबत होती.

"कंपनीना साहेब ऊना तव्हय."

"होळीना आधी?"

"आधी."

"आधी," बिजलीबाई म्हणाली. आणि मग, आबांना नाही, भावाला म्हणाली, "मी भोंगऱ्याले गयी नही ह्या साली."

होळीआधीचा तो भोंगऱ्याचा बाजार, ढोल, नवे कपडे, अख्खा सातपुडा खाली उतरतो तो दिवस. पुन्याने मान फिरवली. गेंदाने तोंडाला पदर लावला. चिलीमवाला पचकन थुंकला. आबांवर नाही, पण फार लांबही नाही.

"माले माहीत व्हतं," आबा म्हणाले. "तरी मी चूप राहिनू. आताच बी तुले माफ कराले ऊनू असं बोलनू."

"कसाले?"

"लाज वाटनी."

"तुले लाज वाटनी," बिजलीबाईने म्हटलं. चव घेतल्यासारखं म्हटलं. "आन माले?"

आबांनी तिच्या तळव्यांच्या भेगांकडे पाहिलं.

"कारखानामा बी सांगशी? बठ्ठ्या बायासले?"

"सांगसू."

"शेठले?"

आबांना शेठचा चेहरा दिसला, पेढ्यांचा खोका दिसला. "शेठले बी."

ती येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. आबांनी विचारलं नाही. विचारायला आता कुठला हक्क होता?

तेवढ्यात पायवाटेने चमेलीबाई आली, डोक्यावर सरपणाची मोळी. पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी. इतकी माणसं बघून ती दारातच थांबली आणि मोळीखालूनच तिने विचारलं, "काय व्हयनं? कोन मरनं?"

"कोनी नही," पुन्या म्हणाला. "आबा सांगी."

आबांना वाटलं होतं, एकदा बोललं की झालं. त्यांनी परत सांगितलं. या वेळी आवाज खाली गेला. अंगठा, रीळ, डाग, साहेब, आपण चूप राहिलो. चमेलीबाईने कानाला हात लावला.

"काय म्हनस?"

बिजलीबाई उठली. म्हातारीजवळ जाऊन तिने भेगा पडलेल्या दोन्ही हातांनी मोळी धरली, उतरवून घेतली आणि कुडाला टेकवून उभी केली. पदर झटकला.

"जोरमा सांग, आबा," ती म्हणाली. "तिले आयकू येत नही."

आबांनी छाती भरून श्वास घेतला आणि पलीकडच्या घरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सुरुवात केली.